१७० चौरस मीटर, पण कशाचे? एका आकड्याचं चरित्र



मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं, "संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?" याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण माझा प्रश्न मला कसा सापडला, खरं तर माझ्या चुकीतून कसा उघडा पडला, ते सांगू शकते. त्यासाठी आपल्याला फ्रान्सला जावं लागेल. थोडा इतिहास आहे, थोडं गणित आहे. गणित आठवीचंच आहे, घाबरू नका.

आधी माझी पार्श्वभूमी. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग मोजमापाच्या इतिहासाकडे वळले. कायदा आणि मोजपट्टी जिथे एकमेकांना भेटतात, तो माझा विषय. त्यातलं एक प्रकरण असं: मोठं घर बांधायचं असेल तर त्याचा नकाशा प्रमाणित आर्किटेक्टनेच केला पाहिजे, ही सक्ती कुठून आली? आणि "मोठं" म्हणजे नेमकं केवढं?

हा प्रश्न मला परका नव्हता. आमच्या मोठ्या काकांनी गावाकडे बंगला बांधला तेव्हा नकाशा काढला एकाने आणि सही-शिक्का घेतला दुसऱ्याचा. लहानपणी मला वाटायचं की घर बांधायची पद्धतच अशी असते. फ्रेंच कायदा वाचताना कळलं की या सवयीला तिथे नाव आहे आणि तिच्यावर बंदीही आहे. ते पुढे येईलच.

तीन तारखा, तीन प्रश्न

कुठल्याही व्यावसायिक परवान्याचा इतिहास वाचताना आपण धरून चालतो की आधी पदवी आली, मग परवाना, मग जबाबदारी. फ्रान्समध्ये जबाबदारी सगळ्यांत आधी आली.

पहिली तारीख १८०४. नेपोलियनच्या काळातल्या नागरी संहितेत तरतूद होती की बांधकामाच्या दोषामुळे, अगदी जमिनीच्या दोषामुळेही, इमारत पडली तर आर्किटेक्ट आणि ठेकेदार दहा वर्षं जबाबदार राहतील. म्हणजे "पडलं तर भरपाई कोण देणार?" हा प्रश्न सगळ्यांत आधी सुटला. गंमत अशी की त्या वेळी आर्किटेक्ट कोणाला म्हणायचं हेच कायद्यात ठरलेलं नव्हतं. धंद्याचा कर भरला की कोणीही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत होता. पुढे १८६७ पासून सरकारी पदविका आली, पण ती नसली तरी काम अडत नव्हतं. ल कॉर्बुझिए, ज्यांचं चंडीगड आपल्याला माहीत आहे, त्यांच्याकडे आर्किटेक्चरची पदविका नव्हती.

दुसरी तारीख ३१ डिसेंबर १९४०. या दिवशीच्या कायद्याने आर्किटेक्टांची 'ऑर्डर' म्हणजे व्यावसायिक परिषद स्थापन झाली. तिच्या यादीत नाव असेल तरच ही उपाधी लावता येईल, असं ठरलं. "आर्किटेक्ट कोणाला म्हणायचं?" हा दुसरा प्रश्न सुटला. १८०४ पासून मोजलं तर १३६ वर्षांनी.

पण ती तारीख परत एकदा बघा. १९४० चा डिसेंबर. फ्रान्स जर्मनीपुढे हरलेला, सत्ता विशी सरकारच्या हातात. व्यवसायाची मागणी जुनी होती, पण ती पूर्ण केली या राजवटीने. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४१ मध्ये, याच व्यवसायात ज्यू आर्किटेक्टांवर दोन टक्क्यांची मर्यादा घालणारा हुकूम निघाला. यादी तयार असली की तिच्यातून नावं वगळणं किती सोपं होतं, ते इथे दिसतं. युद्धानंतर ज्यूविरोधी नियम गेले, ऑर्डर मात्र राहिली.

परवाना ही एकाच वेळी दोन कामं करणारी गोष्ट आहे. ती ग्राहकाला आधार देते आणि कुणाला तरी दाराबाहेर ठेवते. परवान्याचा इतिहास लिहिताना यातली एकच बाजू लिहिली तर तो परिषदेचं माहितीपत्रक होतो किंवा परिषदेविरुद्धचं पत्रक होतो. संशोधन होत नाही.

तिसरी तारीख ३ जानेवारी १९७७. या दिवशीच्या आर्किटेक्चर कायद्याने तिसरा प्रश्न सोडवला: "आर्किटेक्टकडे जाणं कोणाला सक्तीचं?" उत्तर होतं, बांधकाम परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाला. सूट फक्त एकाला: स्वतःसाठी लहान बांधकाम करणाऱ्या व्यक्तीला. कंपनीला सूट नाही, मग घर कितीही छोटं असो.

आता नीट लक्ष द्या. या सक्तीचं कारण काय दिलं होतं? मला वाटलं होतं की "घर पडू नये" असंच काहीतरी असणार. तसं नाही. कायद्याचं पहिलंच कलम म्हणतं की आर्किटेक्चर ही संस्कृतीची अभिव्यक्ती आहे. बांधकामाचा दर्जा, ते परिसरात नीट मिसळणं, निसर्गाचा आणि वारशाचा मान राखणं यात सार्वजनिक हित आहे. १९७० च्या दशकात फ्रेंच गावांच्या कडेने कॅटलॉगमधून निवडलेली एकसारखी घरं वेगाने उभी राहत होती. हा कायदा त्या दशकाचा आहे. सुरक्षिततेचं काम जुन्या दहा वर्षांच्या जबाबदारीकडेच राहिलं. एका वर्षाने, ४ जानेवारी १९७८ च्या कायद्याने, त्या जबाबदारीला सक्तीच्या विम्याची जोड मिळाली.

म्हणजे "घर पडलं तर?" आणि "घर कसं दिसतं, कुठे बसतं?" हे दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळ्या कायद्यांत. नोट्स काढताना मी हे दोन्ही एकाच रकान्यात टाकले होते. ती माझी पहिली चूक. पण खरी फजिती पुढे आहे.

आरएसीच्या बैठकीतला प्रश्न

"लहान" म्हणजे किती, हे १९७७ च्या कायद्याने स्वतः सांगितलं नाही. ते सरकारी आदेशावर सोडलं. मार्च १९७७ च्या आदेशाने मर्यादा ठेवली २५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २,६९० चौरस फूट. साधं कौटुंबिक घर एवढं मोठं नसतंच, त्यामुळे सक्ती कागदावर होती आणि घरं बाहेर होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये मर्यादा १७० चौरस मीटरवर आली, सुमारे १,८३० चौरस फूट. त्यानंतर ७ जुलै २०१६ च्या कायद्याने ती १५० केली आणि १ मार्च २०१७ पासून ती लागू झाली. १५० म्हणजे सुमारे १,६१५ चौरस फूट.

मी छान आलेख काढला. २५०, मग १७०, मग सदतीस वर्षं सरळ आडवी रेघ, शेवटी १५०. खाली वाक्य लिहिलं: "१९७९ ते २०१७ या काळात नियमात कोणताही बदल झाला नाही." वाक्य मला फार आवडलं होतं. त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं: बदल का झाला नाही, कोणाचा विरोध होता, वगैरे. सहा महिने त्यात गेले.

आरएसीच्या म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या सरांनी आलेखाकडे बघून एकच प्रश्न विचारला.

"हे १७० चौरस मीटर कशाचे?"

मी म्हणाले, "घराचे, सर."

"घराचे म्हणजे? बिल्ट-अप की कार्पेट?"

समितीतले दोघे हसले. मी नाही हसले, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. बैठकीनंतर माझ्या गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, तू फिजिक्सची. उपकरण बदललं की रीडिंगची तुलना करायची नाही, हे मी तुला शिकवू?"

उपकरण बदललं होतं

परत कायद्याकडे गेले. आणि खरंच, मोजपट्टी मधेच बदलली होती.

१ मार्च २०१२ पर्यंत घराचं क्षेत्रफळ 'एस.एच.ओ.एन.' नावाच्या पद्धतीने मोजत. यात भिंतींच्या बाहेरून माप घ्यायचं. मग राहण्यायोग्य नसलेला पोटमाळा, तळघर, गॅरेज, बाल्कनी वजा करायची. वर राहत्या घरासाठी आणखी ५ टक्के वजा, कारण उष्णतारोधक थरामुळे भिंती जाड होतात.

१ मार्च २०१२ पासून नवी पद्धत आली: 'सुर्फास द प्लांशे'. यात बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूपासून माप. भिंतीची जाडी हिशेबातच नाही. उद्देश चांगला होता. जाड, ऊब धरून ठेवणारी भिंत बांधणाऱ्याचं क्षेत्रफळ उगाच वाढू नये. आपल्याकडे रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे, तीही बाहेरच्या भिंती सोडते आणि आतल्या पडद्या धरते. तुलना तंतोतंत नाही, पण समजायला पुरेशी आहे.

शिवाय नव्या नियमात दुसरी अटही आली. आतून मोजलेलं क्षेत्रफळ १७० च्या आत हवंच, पण घराने जमीन किती व्यापली, म्हणजे वरून उभा प्रकाश टाकला तर सावली केवढी पडेल, तेही १७० च्या आत हवं. ही सावली भिंतींसकट मोजायची. सुरुवातीला तीत छत असलेला व्हरांडा आणि गॅरेजही येत होतं. त्यावरून ओरड झाली आणि मे २०१२ च्या आदेशाने फक्त राहत्या भागाची सावली धरायची असं ठरलं.

आता वही घ्या. दोन घरं कल्पनेत बांधू. दोन्हींच्या बाहेरच्या भिंती ३० सेंटिमीटर जाड. गॅरेज, तळघर, पोटमाळा काही नाही. जिन्याची जागा सोपेपणासाठी सोडून देऊ.

पहिलं घर एकमजली: बाहेरून १७.८ बाय १० मीटर, म्हणजे १७८ चौरस मीटर. जुन्या पद्धतीने ५ टक्के वजा केले की १६९.१. मर्यादेच्या आत, आर्किटेक्टची सक्ती नाही. नव्या पद्धतीने आतलं माप १७.२ बाय ९.४, म्हणजे १६१.७. तेही आत. पण सावली १७८! मर्यादेबाहेर. आर्किटेक्ट सक्तीचा.

दुसरं घर दुमजली: प्रत्येक मजला बाहेरून ९.३ बाय १०, म्हणजे ९३. दोन्ही मिळून १८६. जुन्या पद्धतीने ५ टक्के वजा करून १७६.७. मर्यादेबाहेर, आर्किटेक्ट सक्तीचा. नव्या पद्धतीने प्रत्येक मजला ८.७ बाय ९.४, दोन्ही मिळून १६३.६. सावली फक्त ९३. दोन्ही आत. सक्ती नाही.

बघितलंत? कायद्यातला आकडा १७० चा १७०च राहिला आणि दोन्ही घरांनी जागा बदलल्या. पसरट घराला सक्ती लागली, उंच घर सुटलं. आणि मी लिहिलं होतं, "कोणताही बदल झाला नाही."

२०१७ मध्ये मर्यादा १५० झाली तेव्हा राहत्या घरांसाठी सावलीची अट काढून टाकली गेली. आपली दोन्ही घरं आता १६१.७ आणि १६३.६. दोघांनाही आर्किटेक्ट हवा. म्हणजे "१७० वरून १५०, वीस चौरस मीटरनी कडक" हेही वाक्य अपुरं आहे. किती कडक, ते घराच्या आकारावर आणि भिंतीच्या जाडीवर ठरतं.

माझं सहा महिन्यांचं प्रकरण गेलं. पण त्याच्या जागी प्रश्न आला: मोजपट्टी बदलली की कायदा बदलतो का? आज माझा प्रबंध याच प्रश्नावर उभा आहे.

सही कोणाची, काम कोणाचं

आता काकांच्या बंगल्याकडे येऊ. फ्रेंच कायद्यात मर्यादेपलीकडच्या घरासाठी आर्किटेक्ट सक्तीचा आहे, पण तो बांधकाम परवानगीसाठी लागणाऱ्या आराखड्यापुरता. साइटवर देखरेख त्याच्याकडेच द्यावी अशी सक्ती नाही. जिथे सक्ती फक्त कागदाची असते तिथे सहीचा बाजार भरायला वेळ लागत नाही. म्हणून ज्याने आराखडा केला त्यानेच सही करायची, असं कायदा सांगतो आणि १९८० च्या व्यावसायिक आचारसंहितेत मेहेरबानीची सही करायला मनाई आहे. अशी मनाई मुद्दाम लिहावी लागली, यातच इतिहासकाराला काय समजायचं ते समजतं.

आणि आतापर्यंत पदविकेशिवाय घरं रचणाऱ्यांचं काय? १९७७ च्या कायद्याने अनुभवी लोकांना मान्यता मिळवायची एक वाट ठेवली होती. अर्ज केल्याची पावती मिळालेले पण निकाल न लागलेले लोक मधेच लटकले आणि २००५ च्या अध्यादेशात त्यांचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा लागला. अठ्ठावीस वर्षं! कायद्याच्या इतिहासात "मधल्या काळातले लोक" हा विषय नेहमी शोधा. प्रबंधाला माणसं तिथे भेटतात.

इतर ठिकाणी काय?

तुलना करायची तर आकड्यांची करू नका, प्रश्नांची करा. न्यूयॉर्क राज्यात १,५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला सूट आहे. म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर. फ्रान्सच्या १५० च्या किती जवळ! पण तिथे गॅरेज, पोर्च, राहण्यायोग्य नसलेलं तळघर वगैरे सोडून एकूण क्षेत्रफळ धरतात. शिवाय अमेरिकेत १८९७ च्या इलिनॉयपासून सुरू झालेल्या परवाना कायद्यांचा मुख्य आधार लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता हा आहे, संस्कृती नाही. आकडे शेजारी, कारणं लांबची.

आपल्याकडे? १९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे, तो उपाधीचं रक्षण करतो. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याचं कलम ३७ नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला मनाई करतं, ते काम करायला नाही. म्हणजे या केंद्रीय कायद्यापुरते आपण फ्रान्सच्या दुसऱ्या प्रश्नाशी आहोत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे स्थानिक बांधकाम नियमावल्या देतात. तिथे नोंदणीकृत आर्किटेक्टबरोबर परवानाधारक अभियंता आणि सुपरवायझर यांनाही जागा असते. हे चांगलं की वाईट, ते मी इथे ठरवणार नाही. पण "भारतात घराच्या नकाशाला आर्किटेक्ट लागतो का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्यापासून जरा सावध राहा.

तुमच्यासाठी

तुमच्यातले काही जण पेटच्या मुलाखतीला बसणार आहेत, काही जण आराखडा लिहीत आहेत. विषय घरांचा नसला तरी चार गोष्टी घेऊन जा.

एक, प्रत्येक आकड्याला विचारा: कशाचा, कुठून कुठपर्यंत मोजलेला, आणि कोणत्या तारखेच्या व्याख्येप्रमाणे? दारिद्र्यरेषा, साक्षरता, जंगलाखालची जमीन, सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे.

दोन, आलेखात सरळ आडवी रेघ दिसली की खूश होऊ नका. कधी कधी खरंच काही बदललेलं नसतं. कधी कधी सगळं बदललेलं असतं, फक्त आकडा तोच असतो.

तीन, कायदा वाचताना त्यातली सक्ती वाचण्याआधी त्याने दिलेलं कारण वाचा. कारण वेगळं असेल तर सारखी दिसणारी सक्तीही वेगळी असते.

चार, सोपं उदाहरण हाताने सोडवा. मी दोनशे पानांचे कायदे आणि आदेश वाचले होते, पण १७.८ गुणिले १० केलं नव्हतं. ते केलं त्या संध्याकाळी प्रबंधाचा विषय मिळाला.

जाता जाता एक गृहपाठ. घरी जाऊन आपल्या फ्लॅटच्या किंवा घराच्या कागदांवरचं क्षेत्रफळ बघा आणि मग टेप घेऊन स्वतः मोजा. दोन आकडे जुळणार नाहीत, बहुतेक. फरक का पडला हे एका पानात लिहून काढा. ते पान तुमचा पहिला संशोधन-निबंध असेल, आणि खात्रीने सांगते, माझ्या पहिल्या प्रकरणापेक्षा बरा असेल.

भेटू पुढच्या लेखात.